प्रश्न आपल्या अंगणातले

मागच्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन प्रश्नमंजूषा स्पर्धेसाठी आम्ही तिघी शेजारच्या जिल्ह्यात गेलो होतो. तयारी जोरात होती. मंगोलियाची राजधानी उलानबाटर, बुर्किना फासोची वागाडुगू, सर्वांत मोठा महासागर, सर्वांत लहान पक्षी, असे सगळे तोंडपाठ. शेवटच्या फेरीत प्रश्न आला, ‘‘संत नामदेवांचे जन्मगाव कोणते?’’ प्रश्न संपण्याआधीच मी बझर दाबला. नरसीपासून आमचे गाव काही कोसांवर. मी म्हणाले, ‘‘नरसी, जिल्हा हिंगोली.’’ प्रश्नकर्त्यांनी हातातले कार्ड पाहिले आणि मान हलवली. ‘‘चूक. पंढरपूर.’’

आम्ही हरकत घेतली. त्यांनी पुस्तक दाखवले. त्यात खरोखरच पंढरपूर छापलेले होते. आमच्या पिशवीतल्या गाईडमध्ये नरसी होते. त्यांचे पुस्तक त्यांच्या व्यासपीठावर, आमचे गाईड आमच्या पिशवीत; तेव्हा निकाल काय लागणार हे उघडच होते. एका प्रश्नाने आमचा दुसरा क्रमांक गेला.

परतताना एस.टी.मध्ये मी तावातावाने बोलत होते. आमच्या मराठीच्या सरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘नरसीच का, ते सांग बरं.’’ मी म्हणाले, ‘‘सर, गाईडमध्ये आहे.’’ सर म्हणाले, ‘‘त्यांच्याही कार्डावर होतंच की.’’ पुढे वसमत येईपर्यंत मी काही बोलले नाही.

प्रस्तुत लेख त्या प्रवासातून निघाला आहे. सामान्यज्ञानाची पुस्तके आपण सगळेच वाचतो. स्पर्धा परीक्षेसाठी ती वाचावीच लागतात, त्यांची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. पण उत्तर ठाऊक असणे आणि ते उत्तर का बरोबर हे ठाऊक असणे, या दोन गोष्टींत किती अंतर आहे ते मला एका क्रमांकाच्या किमतीत कळले. म्हणून या वर्षी मी काही प्रश्न घेऊन बसले. बहुतेक आपल्याच जिल्ह्यातले, काही बाहेरचे. त्यांची उत्तरे पाठ न करता त्यांच्या मागे जाऊन पाहिले.

सुरुवात अर्थातच नरसीपासून.

नामदेवांचा जन्म परंपरेने शके ११९२, म्हणजे इ.स. १२७० मधला मानतात. वडील दामाशेटी, आई गोणाई, आडनाव रेळेकर, व्यवसाय शिंप्याचा. एवढ्यावर सर्वांचे एकमत आहे. गावावर आले की मते फुटतात. एक परंपरा म्हणते नरसी बामणी, आपल्या हिंगोली तालुक्यातले, कयाधूच्या काठचे. दुसरे मत पंढरपूरचे. नामदेवांचे घराणे विठ्ठलभक्त, सारे आयुष्य पंढरीत गेलेले, समाधीही तेथेच महाद्वारात. तेव्हा जन्मही तेथलाच असे त्या पक्षाचे म्हणणे. आणि तिसरे मत ऐकून तर मी थक्क झाले. डॉ. रा. गो. भांडारकरांसारख्या पंडिताने नरसी बामणी हे गाव कराडजवळचे मानले होते! म्हणजे गावाचे नाव तेच, जागा मात्र कृष्णाकाठची. नावावरून जागा शोधताना केवढी गफलत होऊ शकते याचे हे मोठे उदाहरण आहे. महाराष्ट्रात नरसिंहाच्या नावाची गावे काय थोडी आहेत?

मग आपण नरसी म्हणतो ते कशाच्या बळावर? मला सापडलेला आधार असा, की नामदेवांच्या चरित्राचे धागे या परिसरात एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यांचे गुरू विसोबा खेचर. गुरुभेटीची कथा घडते ती औंढा नागनाथाच्या देवळात, नरसीपासून फार दूर नाही. जनाबाई गंगाखेडची, म्हणजे शेजारच्या परभणी जिल्ह्यातली. आणि नरसीला गावाची स्वतःची अखंड परंपरा आहे; शासनदरबारीही आज गाव ‘नरसी नामदेव’ म्हणूनच ओळखले जाते. यातल्या कोणत्याही एका गोष्टीने जन्मस्थळ सिद्ध होत नाही, हे मी कबूल करते. पण चार धागे एकत्र वळले की दोर होतो. पंढरपूरकरांचा दोर मुख्यतः कर्मभूमीच्या धाग्यांनी वळलेला आहे आणि जन्मभूमी व कर्मभूमी एकच असते असा काही नियम नाही. माझे मत म्हणून विचाराल तर नरसी. मात्र आता मी ते बझर दाबून सांगणार नाही, दोन मिनिटे मागून घेईन.

नामदेवांविषयीचा दुसरा ठरावीक प्रश्न: शीख धर्मग्रंथात त्यांची किती पदे आहेत? उत्तर ६१. हे उत्तर मला शाळेपासून येत होते. परंतु ती पदे ग्रंथात कशी ठेवली आहेत, हे ठाऊक नव्हते. पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी १६०४ साली आदिग्रंथाचे संकलन केले. त्यातली बहुतेक रचना रागांनुसार लावलेली आहे. एकूण ३१ राग. नामदेवांची पदे त्यांपैकी अठरा रागांखाली विखुरलेली आहेत: गौडी, आसा, धनाश्री, तोडी, तिलंग, बिलावल, रामकली, भैरव, वसंत, सारंग, मल्हार, कानडा, प्रभाती इत्यादी. तिलंगमधल्या पदांत फारसी शब्दही भेटतात. आपल्या कयाधूकाठच्या शिंप्याचा मुलगा पंजाबात गेला आणि तेथल्या लोकांनी त्याचे शब्द नुसते वाचण्यासाठी नव्हे, गाण्यासाठी जपून ठेवले! राग लिहून ठेवला म्हणजे कोणत्या सुरांत म्हणायचे तेही ठरवून दिले. आपल्याकडे अभंगाची चाल टाळकऱ्यांच्या गळ्यात राहिली, तिकडे रागाचे नाव पानावर राहिले. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला येणारे शीख यात्रेकरू नरसीलाही येतात त्याचे कारण हे आहे. आम्ही लहानपणी त्यांच्या गाड्या पाहायला रस्त्यावर धावत असू, पण का येतात ते कधी विचारले नाही.

पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान या गावी नामदेवांचे दीर्घ वास्तव्य झाले असे मानतात. याच घुमानला एप्रिल २०१५ मध्ये ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. अध्यक्ष डॉ. सदानंद मोरे. हा प्रश्न अलीकडे परीक्षांत फार येतो, म्हणून जाता जाता सांगितले.

संगीताचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. ‘अभंग म्हणजे काय?’ असे आमच्या वर्गात विचारले तेव्हा दहापैकी आठ जणींनी ‘भक्तिगीत’ असे उत्तर दिले. अभंग हा छंद आहे. मोठ्या अभंगात चार चरण. पहिल्या तीन चरणांत सहा सहा अक्षरे, चौथ्यात चार. लहान अभंगात दोन चरण, साधारणतः आठ आठ अक्षरांचे. घरी आजी म्हणते त्यांतला कोणताही अभंग घ्या आणि बोटांवर अक्षरे मोजा. जोडाक्षर एकच मोजायचे. मी मोजून पाहिले. कोठे एखादे अक्षर कमी-जास्त होते, ते गाताना ओढून वा आवरून घेतात. राम फाटक यांनी चाल दिलेले आणि पं. भीमसेन जोशी यांनी गायलेले नामदेवांचे अभंग ऐकताना ही गोष्ट कानाला स्पष्ट जाणवते. पंडितजींना २००८ साली भारतरत्न जाहीर झाले हे आपल्याला पाठ असते; सहा-सहा-सहा-चारचा तो ठेका मात्र पाठ करावा लागत नाही, एकदा मोजला की पुरतो.

आता औंढ्याकडे वळू. ‘आठवे ज्योतिर्लिंग कोणते?’ या प्रश्नावर नरसीसारखाच प्रसंग ओढवू शकतो, म्हणून सावध राहावे. बारा ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रात नागेशाचे स्थान दारुकावनात सांगितले आहे. हे दारुकावन कोठले? आपण म्हणतो औंढा. गुजरातेत द्वारकेजवळच्या नागेश्वराचे भक्त म्हणतात आमचे. उत्तराखंडात अल्मोडा जिल्ह्यातील जागेश्वराला देवदारांचे दाट वन आहे. दारुक म्हणजे देवदार असा अर्थ लावून तेही हक्क सांगतात. हीच गत परळी वैजनाथाची. तेथे झारखंडचे देवघर समोर उभे आहे. हा वाद गुणपत्रिकेवर सुटणारा नाही. श्रद्धेच्या बाबतीत तर तो सोडवायची गरजही नाही. पण प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने ‘महाराष्ट्रातील’ एवढा एक शब्द घातला की तंटा मिटतो.

वादापेक्षा देऊळ पाहण्यासारखे आहे. आपल्यापैकी कितीजणांनी ते नीट पाहिले आहे? दर्शनाच्या रांगेत आपण मोबाईल पाहतो. पुढच्या खेपेला बाहेरून एक फेरी मारा. खालचा भाग आणि वरचा भाग वेगवेगळ्या काळांतला आहे हे अंगावरच्या कामावरून कळते. खाली दगडी थरांवर दाट कोरीव काम, मूर्तींच्या रांगा. वर शिखर वेगळ्या घडणीचे, पुढच्या काळातले. जीर्णोद्धाराचे श्रेय अहिल्याबाई होळकरांकडे दिले जाते. लिंग भुयारासारख्या खोल गाभाऱ्यात, अरुंद पायऱ्या उतरून जावे लागते. आणि नंदी? एरवी शिवालयात तो देवासमोर असतो, येथे तो मागच्या बाजूला आहे. त्यावरची कथा आपण सगळे जाणतो. नामदेव देवळासमोर कीर्तन करीत होते, पुजाऱ्यांनी त्यांना मागे जाण्यास सांगितले, ते मागे जाऊन गाऊ लागले तर देऊळच त्यांच्याकडे फिरले. विसोबांची कथाही येथलीच: म्हातारा लिंगावर पाय ठेवून निजला आहे, नामदेव रागावतात, म्हातारा म्हणतो, जेथे देव नाही तेथे माझे पाय ठेव, आणि पाय जिकडे न्यावे तिकडे लिंग. दोन्ही कथांत देव जागा बदलतो, हे एकदा लक्षात आल्यावर मला फार गंमत वाटली. जन्मगाव कोणते, दारुकावन कोठले, असे आपण भांडत बसतो आणि ज्यांच्यावरून भांडतो त्यांच्या कथांत देवालाच एक जागा नाही.

असो. सगळेच प्रश्न इतके खोल नसतात. काही प्रश्नांत फक्त उत्तराची मुदत संपलेली असते. आमच्या घरी थोरल्या काकांचे एक जुने गाईड आहे. त्यात मराठवाड्यात सात जिल्हे. चूक नाही, त्या वेळी सातच होते. मूळचे पाच: औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद. १९८१ मध्ये जालना, १९८२ मध्ये लातूर आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून निघून आपला हिंगोली. झाले आठ. त्यांतल्या दोघांची नावे आता छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी आहेत. त्याच गाईडमध्ये ग्रह नऊ आहेत; २००६ साली प्लूटो त्या यादीतून निघाला. आणि ‘भारताचा राष्ट्रीय खेळ हॉकी’ हे तर कधीच बरोबर नव्हते. एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकारात विचारले तेव्हा २०१२ साली क्रीडा मंत्रालयाने उत्तर दिले, की कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून अधिकृतपणे जाहीर केलेला नाही. इतकी वर्षे हजारो शिक्षकांनी त्याला गुण दिले असतील!

आणखी एका जातीच्या प्रश्नात उत्तर व्याख्येवर अवलंबून असते. ‘भारतातील पहिला चित्रपट कोणता?’ आपण डोळे मिटून सांगतो: दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’, ३ मे १९१३, मुंबईचे कॉरोनेशन थिएटर. परंतु त्याच कॉरोनेशनमध्ये जवळजवळ वर्षभर आधी, १८ मे १९१२ रोजी, दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ दाखवला गेला होता. मग तो पहिला का नाही? एक तर तो रंगभूमीवरच्या नाटकाचे चित्रण होता. दुसरे, कॅमेरा चालवणारा इंग्रज होता. तिसरे, फिल्म धुण्याचे काम परदेशात झाले. फाळक्यांनी पटकथा, चित्रण, धुलाई, सारे येथेच केले. तारामती मिळेना म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला लुगडे नेसवले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तेव्हा ‘पहिला’ म्हणजे पहिला पडद्यावर आलेला की पहिला येथे घडवलेला, हे आधी ठरवा. मग उत्तर द्या. मला तोरण्यांची बाजू थोडी जास्त ऐकली जावी असे वाटते. नाटक का होईना, त्यांनी ते हलत्या चित्रात आणले आणि विषय निवडला तोही आपल्या पंढरीचा.

निसर्गाचे प्रश्न आमच्या प्रश्नपेढीत फार कोरडे असतात. राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यफूल ताम्हण, राज्यवृक्ष आंबा. २०१५ पासून राज्यफुलपाखरूही आहे, त्याला नीलवंत म्हणतात; असे फुलपाखरू ठरवणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. शेकरू पाहायचा तर भीमाशंकरसारख्या दाट झाडीत जावे लागेल. परंतु हरियालासाठी कोठे जायला नको. वड, पिंपळ, उंबर फळला की पहाटे त्याखाली उभे राहावे. पिवळे पाय असलेली ही हिरवी कबुतरे पानांत अशी मिसळतात की फळ पडल्याचा आवाज येतो आणि पक्षी दिसत नाही. हरियाल जमिनीवर पाय ठेवत नाही असे म्हातारी माणसे सांगतात. ते अगदी खरे नसले तरी निराधार नाही; फळे खाऊन झाडावरच राहणाऱ्या पक्ष्याला खाली उतरण्याचे काम फारसे पडत नाही.

पण आपल्या जिल्ह्याचा निसर्गप्रश्न शोधायचा तर तो झाडावर नाही, जमिनीखाली आहे. हळद!

वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीच्या हळदीला ते २०१८ मध्येच मिळाले होते. तुम्ही म्हणाल, हळदीविषयी आम्हाला काय विचारता, आमच्या घरी दरसाल लावतात. मीही तसेच म्हणत होते. मग वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी विचारले, ‘‘हळद हे मूळ की खोड?’’ जमिनीत वाढते म्हणून मी मूळ म्हणाले. चूक. ते जमिनीखालचे खोड आहे. पुरावा आपल्या हातातच असतो: हळकुंडावर कडी असतात, कड्यांवर डोळे असतात आणि डोळ्याला कोंब फुटतो. मुळाला डोळे नसतात. लागवडीला आपण बी का पेरत नाही, गड्डेच का लावतो, याचेही कारण आहे. हळदीला फूल येते, सुंदर येते, पण त्यातून बी धरत नाही. तिच्या पेशींतील गुणसूत्रांचे संच तीन असल्यामुळे बीजधारणेचे गणित जमत नाही. म्हणून यंदाची हळद ही मागल्या वर्षीच्या हळदीचाच तुकडा, ती त्याच्या आधीच्या वर्षीच्या हळदीचा. पणजोबांनी लावलेलेच झाड आपण अजून तोडून तोडून लावत आलो आहोत, असे म्हटले तरी चालेल.

काढणीनंतर ती शिजवतात कशाला? मला वाटे, स्वच्छ व्हावी म्हणून. शिजवल्याने कंदातला स्टार्च चिकट होऊन घट्ट बसतो, रंग सगळीकडे सारखा पसरतो, कोंब फुटणे थांबते आणि वाळायला लागणारे दिवस कमी होतात. माझ्या वडिलांना हे विचारले तर ते हसले. म्हणाले, ‘‘कच्ची वाळत घालून बघ एकदा, म्हंजे कळंल.’’ त्यांना उत्तर माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते, फक्त ते कोणी परीक्षेत विचारले नव्हते.

हळदीची आणखी एक परीक्षा प्रत्येक घरात रोज होते. वरणाचा पिवळा डाग साबण लावताच लाल का होतो? साबण अल्कधर्मी असतो आणि हळदीतले कुर्कुमिन अल्कात लाल होते. चुन्यातही तेच. म्हणूनच हळदीला चुन्याचा संस्कार करून कुंकू करतात. देवघरातल्या करंड्यातले पिवळे आणि लाल या एकाच कंदाच्या दोन तऱ्हा! रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत हळदीचा कागद अल्क ओळखायला वापरतात, तो हाच गुण.

या हळदीवर एकदा दावा झाला होता, तो प्रश्न मात्र पाठ करण्याजोगा आहे. १९९५ साली अमेरिकेत हळदीने जखम बरी करण्याच्या वापरावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यक केंद्राला पेटंट मिळाले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, त्याला आव्हान दिले. तेव्हा परिषदेचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर होते. आमच्या आज्या जखमेवर हळद दाबतात असे नुसते सांगून भागत नव्हते. पेटंट कार्यालयाला लिखित पुरावा हवा होता. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक लेख पुढे ठेवले गेले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. ही हकिकत वाचताना मला आमचा बझर आठवला. उत्तर आपले, वापर आपला, पण कशावरून असे विचारल्यावर कागद दाखवावा लागला. सीएसआयआरपाशी तो होता, माझ्यापाशी नव्हता.

शहरातल्या मित्रांची तक्रार येऊ नये म्हणून थोडे हिंगोलीविषयी. तोफखाना, रिसाला बाजार, पलटण, पेन्शनपुरा, सदर बाजार. या नावांवरून रोज रिक्षा जातात. ही एका गेलेल्या छावणीची नावे आहेत. हैदराबाद संस्थानच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची ‘हैदराबाद कंटिन्जंट’ नावाची फौज येथे तळ देऊन असे. १९०३ मध्ये ती हिंदुस्थानच्या मुख्य सैन्यात मिसळली आणि छावणी उठली. रिसाला म्हणजे घोडदळ, पलटण म्हणजे पायदळ, तोफखाना म्हणजे तोफखाना. आणि निवृत्त शिपाई जेथे राहिले तो पेन्शनपुरा. एका गावाच्या मोहल्ल्यांत अरबी, फारसी, इंग्रजी अशा भाषा शेजारी शेजारी राहतात.

याच छावणीच्या बाजारातली एक गोष्ट ठगांच्या इतिहासात नमूद आहे. हरिसिंग नावाचा एक कापडाचा व्यापारी येथे मोठ्या इभ्रतीने राहत असे. मुंबईहून दुसऱ्या एका व्यापाऱ्याचा कापडाचा माल येत आहे असे त्याला कळले. त्याने छावणीतल्या अधिकाऱ्याकडून स्वतःच्या नावे मालाचा परवाना काढला, वाटेत त्या व्यापाऱ्याला आणि त्याच्या माणसांना ठार केले आणि तोच परवाना दाखवून तो माल उघडपणे छावणीच्या बाजारात विकला. पुढे पकडला गेल्यावर त्यानेच हे सांगितले, तोवर कोणाला संशयही नव्हता. कर्नल स्लीमन यांनी ठगांचा बंदोबस्त केला त्या काळातली, म्हणजे १८३० च्या आसपासची ही हकिकत. प्रश्नमंजूषेत ‘ठगांचा बंदोबस्त कोणी केला?’ एवढेच विचारतात.

हिंगोलीचा दसराही मला या छावणीशी जोडलेला वाटतो. प्रसिद्ध दसरा कोठला म्हटले की आपण म्हैसूर म्हणतो, फार तर कुलू. (कुलूचा दसरा इतरांचा संपतो त्या दिवशी सुरू होतो, हेही विचारतात.) आपल्याकडचा सार्वजनिक दसरा १८५५ पासून चालत आला आहे आणि त्याची सुरुवात खाकीबाबा मठाच्या साधूंनी केली असे सांगतात. रामलीला, प्रदर्शन, आकाशपाळणे, कुस्त्या आणि शेवटी रावणदहन. लहानपणी मला प्रश्न पडे, मराठी मुलखात रामलीला कशी? बाकी गावांत दसऱ्याला सोने लुटतात, सीमोल्लंघन करतात, शमीची पूजा करतात. आता अंदाज येतो. त्या फौजेत उत्तर हिंदुस्थानातले शिपाई मोठ्या संख्येने होते. त्यांच्या मुलखातला दसरा म्हणजे रामलीला. छावणी गेली, शिपायांची नातवंडे मराठी बोलू लागली आणि रामलीला मैदान मात्र राहिले. हा माझा तर्क आहे. आमच्या इतिहासाच्या सरांनी तो खोडला नाही, एवढे सांगते.

शेवटचा प्रश्न सर्वांत नवा आहे. गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा भारतात कोठे होत आहे? उत्तर: औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळा परिसरात. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील दोन यंत्रांनी अशी लहर प्रथमच टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती, त्याची ती थरथर. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ही बातमी जाहीर झाली, त्याच महिन्यात भारत सरकारने येथल्या प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली आणि २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळाली. काटकोनात जोडलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, त्यांत लेसरचा झोत. लहर आली की एक बाहू किंचित लांबतो, दुसरा आखडतो; तो फरक अणूच्या गाभ्यातल्या प्रोटॉनपेक्षाही कित्येक पटींनी लहान.

येथेच का? समुद्राच्या लाटांपासून दूर, मोठ्या कारखान्यांपासून दूर, वर्दळ कमी. आणि अमेरिकेपासून लांब, हेही महत्त्वाचे. लहर दोन ठिकाणी वेगवेगळ्या क्षणी पोहोचते. यंत्रांमधले अंतर जितके जास्त तितकी ती आकाशाच्या कोणत्या दिशेने आली हे नेमके सांगता येते. दोन कानांनी आवाजाची दिशा कळते, तसेच.

हे सगळे मी घरी सांगितले तेव्हा वडिलांनी जो प्रश्न विचारला तो कोणत्याही गाईडमध्ये नाही. ‘‘जमीन तर आपल्याकडंच हालती, मग हितं कसं काय?’’ २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये आपल्या जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले होते. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागात जमिनीतून आवाज येतात हे तर सारेच जाणतात. मी आठवडाभर वाचून उत्तर शोधले. ही यंत्रे जमिनीवर नुसती ठेवत नाहीत. आरसे एकाखाली एक अशा अनेक लंबकांना टांगतात, त्यामुळे जमिनीची हालचाल आरशापर्यंत पोहोचता पोहोचता विझते. शिवाय भूकंप येथे झाला तर तसाच हेलकावा अमेरिकेतल्या यंत्रात दिसणार नाही. आकाशातली लहर मात्र सगळीकडे सारखी दिसते. जी खूण हजारो मैलांवरच्या यंत्रांत जुळते तीच खरी धरायची. वडिलांना एवढे पटले.

या वर्षी आमच्या महाविद्यालयातली प्रश्नमंजूषा सरांनी आमच्याकडे सोपवली आहे. नियम एकच बदलला: उत्तराला अर्धा गुण, ‘कशावरून’ याला अर्धा. पहिल्या वर्षाच्या मुलांनी कुरकुर केली, वेळ पुरत नाही म्हणून. प्रश्न कमी केले. मागच्या वर्षीच्या त्या आयोजकांनाही मी पत्र पाठवले आहे. त्यात नरसी, पंढरपूर आणि कराडजवळचे गाव या तिन्ही मतांची हकिकत लिहिली आणि पुढच्या वेळी प्रश्न ‘परंपरेने कोणते गाव मानतात आणि का’ असा विचारावा अशी विनंती केली. गुण परत मागितलेले नाहीत.